सहा नियम आणि अगणित वाक्ये

मूल शाळेत येते तेव्हा त्याला बोलता येत असते. पूर्वी कधीच न ऐकलेली वाक्येही ते सहज बोलून जाते. एवढी वाक्ये त्याने पाठ केली असतील काय? ते तर शक्यच नाही. मग ती येतात कुठून?

उत्तर असे की, मुलाजवळ वाक्यांचा नुसता साठा नसतो. वाक्ये घडवण्याचे नियम असतात. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात अशा नियमांनी व्याकरण कसे मांडावे, हे दाखवले. नियमाचे रूप साधे आहे : एक खूण पुसा, तिच्या जागी दुसरे लिहा.

आता पाटी घ्या आणि तिच्यावर ‘वाक्य’ एवढेच लिहा. पहिला नियम : ‘वाक्य’ पुसून ‘कर्ता, कर्म, क्रियापद’ लिहावे. दुसरा : ‘कर्ता’च्या जागी ‘बैल’ किंवा ‘घोडा’. तिसरा : ‘कर्म’च्या जागी ‘गवत’ किंवा ‘कडबा’. चौथा : ‘क्रियापद’च्या जागी ‘खातो’ किंवा ‘हुंगतो’. पुसण्याजोगे काही उरले नाही की थांबावे. पाटीवर आलं बघा, ‘बैल कडबा खातो’! अशी वाक्ये किती होतील? दोन दुणे चार, चार दुणे आठ. ‘खातो हुंगतो बैल’ असली मोडतोड मात्र यातून निघायची नाही.

आठ म्हणजे फार नव्हेत. म्हणून आणखी दोन नियम घेऊ. ‘कर्ता’च्या जागी ‘धन्याचा बैल’ही चालेल, आणि ‘धनी’च्या जागी ‘पाटील’ लिहावे, नाहीतर ‘धन्याचा शेजारी’ लिहावे. काय झालं? पाटलाचा बैल, पाटलाच्या शेजाऱ्याचा बैल, पाटलाच्या शेजाऱ्याच्या शेजाऱ्याचा बैल! सहाव्या नियमाच्या पोटात तोच नियम पुन्हा आहे, म्हणून वाक्यांना अंत राहिला नाही. नियम सहा, वाक्ये अगणित.

ही रीत आपल्याला अगदीच परकी नाही. पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त सुमारे ४००० सूत्रे आहेत, आणि त्यांतील कितीतरी ‘याच्या जागी ते’ असेच सांगतात. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते, ते ‘इ’च्या जागी ‘य’ आल्यामुळे. पुढे १९६० साली संगणकाच्या ‘अल्गोल ६०’ या भाषेची वाक्यरचनाही अशाच नियमांनी लिहिली गेली.

गुरुजनहो, याचा वर्गाशी संबंध आहे. घरी सारे ‘केलं’ म्हणत असताना लहान मूल ‘मी करलं’ म्हणते. ‘धर’चे धरलं, ‘भर’चे भरलं, मग ‘कर’चे करलं का नको? ही चूक खरी. पण नियम त्याला उमगल्याची ती खूणही आहे. तिथे छडी किंवा हसे नको. ‘नियम बरोबर ओळखलास, पण हा शब्द वेगळा चालतो’ एवढे सांगावे.

आणि पाटीचा खेळ वर्गात जरूर करून पाहा. ‘कर्ता’च्या यादीत ‘गाय’ घाला. ‘गाय कडबा खातो’ आले की मुले आपणच ओरडतील. मग विचारा, कोणता नियम बदलू? मुले तो शोधतील, आणि लिंगवचनाचा धडा पाठ न करता त्यांना कळलेला असेल.