बदामी, मोतिया, राखाडी



दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या टेंभी नाक्याच्या आसपासच्या इमारतींत रंगाऱ्यांच्या शिड्या दिसू लागतात आणि घराघरांत वाद सुरू होतो. मुलाला राखाडी हवा, सुनेला मोतिया, आजोबांना पूर्वीसारखा पांढरा. शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘काहीतरी फिकट द्या. न्यूट्रल.’ वाद मिटतो. पण रंग काही ठरलेला नसतो.

कारण भिंतीला तटस्थ राहता येत नाही. फिकट रंग आजूबाजूचं सगळं अंगाला लावून घेतो. समोरच्या इमारतीला पिवळा रंग असेल, तर तुमच्या पांढऱ्या भिंतीवर पिवळी झाक येते. खाली हिरवट कोटा फरशी असेल, तर राखाडी हिरवट दिसतो. नवरात्रात नाक्यावर रोषणाई होते, तेव्हा रस्त्याकडच्या खोलीची भिंत रात्रभर लाल-निळी होत राहते.

जुन्या बायकांना हे ठाऊक होतं. चुन्याच्या बादलीत त्या चिमूटभर नीळ टाकत. चुन्यातला पिवळटपणा त्या निळीने झाकला जाई आणि भिंत शुभ्र दिसे. पांढरासुद्धा असा जुळवून आणावा लागतो.

दुकानातलं शेडकार्ड मला वाचायला आवडतं. बदामी, मोतिया, हस्तिदंती, राखाडी. बदाम फारसीतून आला, मोती संस्कृतातल्या मौक्तिकातून, राख रक्षेतून. बाहेर रंगांच्या नावाने माणसं एकमेकांकडे संशयाने पाहतात. इथे हे शेजारी-शेजारी बसलेले असतात आणि कुणी कुणाला गाव विचारत नाही.

पण कार्डावरच्या बोटभर चौकोनावर विश्वास ठेवू नका. चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात, त्यामुळे तोच रंग खोलीत अधिक गडद वाटतो. छोटा डबा आणा, दोन फुटांचा चौकोन दोन वेगवेगळ्या भिंतींवर रंगवा, दोन हात द्या आणि वाळू द्या. मग सकाळी पाहा, दुपारी पाहा, दिवा लावून पाहा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली ऊबदार वाटणारा बदामी ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली फिका पडतो. ठाण्यात चार महिने आभाळ भरलेलं असतं. निळसर राखाडी त्या दिवसांत खोली उदास करतो. अशा खोलीला किंचित पिवळी किंवा तांबूस झाक असलेला रंग बरा. पांढऱ्या भिंतीवरून सुमारे ८० टक्के उजेड परत येतो, मध्यम राखाडीवरून निम्म्याहूनही कमी. गल्लीकडच्या एकाच खिडकीवर चालणाऱ्या घराला हा हिशेब सोडून चालत नाही. आणि भिंतीला ओल असेल, तर आधी ती थांबवा. ओलीवर दिलेला कोणताही रंग पोपडे धरतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. रंग कोणाच्या डोळ्यांसाठी निवडायचा? तरुण माणसं सकाळची लोकल पकडतात आणि रात्री परततात. दिवसभर त्या भिंतींकडे पाहतं ते घरातलं म्हातारं माणूस. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, आणि डोळ्यातलं भिंगही वयाबरोबर पिवळं होत जातं. हल्ली भिंत क्रीम, दार क्रीम, बटणांचा बोर्डही क्रीम असतो. फोटोत ते सुंदर दिसतं. पण मोतीबिंदू झालेल्या आजींना दाराची कड सापडत नाही, रात्री दिव्याचं बटण सापडत नाही, मोरीची पायरी फरशीत मिसळून जाते. तेव्हा भिंत खुशाल मोतिया ठेवा, पण चौकट गडद करा, बोर्डाभोवती वेगळ्या रंगाची पट्टी द्या, पायरीच्या कडेला ठळक रेघ ओढा. आणि रंग चमकदार घेऊ नका. चमकेने थकलेले डोळे दिपतात.

घरात वाद झाला तर होऊ द्या. फक्त त्या वादात, ज्याला त्या भिंतींमध्ये सर्वांत जास्त तास काढायचे आहेत, त्याचं मत आधी विचारा. रंगारी यायच्या आधीच विचारा. एकदा शिडी लागली की आपल्याकडे म्हाताऱ्यांना खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत बसवतात.