कायमचा पत्ता

(उच्च शिक्षणासाठी बाहेरगावी निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी आटपाडी येथे झालेल्या निरोपाच्या प्रार्थनासभेतील भाषण)



बारावीच्या निकालाचे पेढे वाटून झाले, हार घालून झाले. आज मला हार सुकल्यानंतरच्या दिवसांविषयी बोलायचं आहे. इतक्या वर्षांच्या कामात एक गोष्ट मी पाहिली. आपली मुलं नापास होऊन क्वचितच परत येतात. ती परीक्षेपर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या दिवाळीला गावी येतात आणि पुन्हा जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "तिकडं करमंना." त्या एका शब्दात किती काय दडलेलं असतं, ते आपण कधी खोदून विचारत नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक रकाना असतो, 'कायमचा पत्ता'. तुम्हा-आम्हाला तो भरायला अर्धं मिनिट लागतं. पारध्याच्या पोराचा हात तिथं थांबतो. वस्ती गायरानात, घराला नंबर नाही, तीन वर्षांपूर्वी पाल दुसऱ्याच शिवारात होतं. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातल्या मुलाचंही तेच. मग तो शेजाऱ्याकडं बघून काहीतरी लिहितो, आणि तोच पत्ता पुढं दाखल्यात, खात्यात, आधारवर वेगवेगळा निघतो. शिष्यवृत्ती अडकते ती इथं.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण त्याची यादी तुमच्या पिशवीत घातली आहे. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरा मिळाला असं समजू नका. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा बघतात, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आता विचार करा, ज्या समाजाला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, आणि ज्याच्या मानेवरून तो कायदा देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला उतरला, त्या समाजातल्या पणज्याचं नाव १९५० पूर्वी कुठल्या शाळेच्या रजिस्टरात असणार? असलंच तर पोलिसांच्या हजेरीवहीत. हा पुरावा शोधायला महिने लागतात. म्हणून अकरावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी आज घरी जायच्या आधी मला भेटावं. बारावीनंतर धावपळ करून उपयोग नाही.

दुसरं, महाडीबीटीवर अर्ज भरला की पैसे आले असं होत नाही. ते मागाहून येतात. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे मात्र आधी द्यावे लागतात. पहिले तीन-चार महिने हीच खरी खिंड. देणगीदार मला विचारतात, "आम्ही पुस्तकं देऊ का?" पुस्तकं ग्रंथालयात मिळतात. मेसचं बिल ग्रंथालयात मिळत नाही.

मुलांनो, आता तुमच्याशी. या आटपाडीतून पूर्वी एक मुलगा असाच निघाला होता. शंकरराव खरात. १९२१ चा जन्म, वडील महारकीचं काम करणारे. त्या वेळी आटपाडी औंध संस्थानात होती. गावातून औंधला, तिथून पुण्याला, असं करत ते वकील झाले, लेखक झाले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९८४ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं 'तराळ अंतराळ'. तराळ म्हणजे गावाचा निरोप्या, हाक आली की पळणारा. तो शब्द त्यांनी लपवला नाही, पुस्तकाच्या कपाळावर लावला. हे पुस्तक पहिल्या सत्रात वाचाच.

तुमच्यातल्या बहुतेकांचं कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असेल. १९६२ साली हे विद्यापीठ झालं ते आपल्यासारख्या गावांतल्या मुलांसाठीच. कोल्हापूर, सांगली, सातारा हे त्याचे जिल्हे. तिथं पहिल्या आठवड्यात तुमच्या कानावर क्रेडिट, मेजर, मायनर, सेमिस्टर असे शब्द पडतील. शेजारचा मुलगा मान हलवेल. त्यालाही कळलेलं नसतं. हात वर करून "सर, मला समजलं नाही" एवढं म्हणायला शिका. शास्त्र शाखेत गेलेल्यांना इंग्रजी जड जाईल. वर्गात पुढं बसा आणि रोज दहा शब्द वहीत उतरवा, यापेक्षा सोपा उपाय मला तरी सापडलेला नाही. काम करून शिकायची लाज बाळगू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात 'कमवा आणि शिका' ही रीतच घालून दिली. आणि हो, छत्री घ्या. आटपाडीच्या पावसावर कोल्हापूरच्या पावसाचा अंदाज बांधू नका.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. खोलीत काही हरवलं आणि सगळे तुमच्याकडं बघू लागले, आडनाव ऐकून कुणी गप्प झालं, कुणी टोमणा मारला, तर गिळून बसू नका. २०१९ साली मुंबईत तडवी भिल्ल समाजातल्या एका तरुण डॉक्टर मुलीनं जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळल्याचा आरोप तिच्या घरच्यांनी केला. ती शिकण्यात कमी नव्हती, एमडी करत होती. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, हा नंबर आज रात्रीच फोनमध्ये घाला. आणि माझा नंबर तर आहेच, कुठल्याही वेळी.

आता मोठ्यांशी बोलतो, कारण मुलांनी किती तयारी करायची त्यालाही सीमा आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोड सुरू होते. त्याच सुमारास पहिल्या सत्राच्या परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी येते. मेस बंद होते. मित्र पिशव्या भरून घरी जातात. आपल्या मुलीला मात्र घर कुठं? आई-वडील कोयता घेऊन फडात, वस्तीवर म्हातारी आजी. एसटीचं अर्धं तिकीट आहे, पण उतरून जायचं कुठं? 'करमंना' म्हणतात ते हे. आणि सुट्टीत फडात गेलेली मुलगी मोळ्या उचलायला लागते ती परत येत नाही. तिला दोष देऊ नका. कोयत्यामागं एक हात वाढला की उचल लवकर फिटते, हा हिशोब तिलाही कळतो.

म्हणून कोल्हापूर, सांगली, मिरजेच्या मंडळ्यांकडं माझं मागणं पैशाचं कमी आणि दाराचं जास्त आहे. शौल यरुशलेमात आला तेव्हा शिष्य त्याला भ्याले होते, त्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. बर्णबानं त्याला हाताला धरून प्रेषितांकडं नेलं आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. आपल्याला पौल आठवतो, त्याला आत आणणारा माणूस आठवत नाही. पारध्याच्या पोराला घरमालक खोली नाकारतो तेव्हा तिथं असाच एक माणूस उभा राहायला हवा.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. १९०८ सालचं मिस क्लार्क बोर्डिंग अस्पृश्य मुलांसाठी होतं, आणि पुढं आपल्या ख्रिस्ती मुलांसाठीही वसतिगृह निघालं. आपले आजोबा-पणजोबा कुणाच्या तरी उघड्या दारातून शिकले. मिशनऱ्यांच्या शाळांची आठवण आपण वर्धापनदिनाला काढतो, ही आठवणही काढावी. काही जण मला विचारतात, "ती मुलं उपासनेला येतील का?" येतील किंवा न येतील. ताट वाढताना ते विचारायचं नसतं.

प्रत्येक मुलामागं एक कुटुंब हवं. महिन्यातून एका रविवारी जेवायला बोलवा, आजारी पडला तर डॉक्टरकडं न्या, कॉलेजातून पालकाला बोलावणं आलं तर उभे राहा, आणि दिवाळीचे पंधरा दिवस ठेवून घ्या. वेगळी खोली लागत नाही, अंथरूण लागतं. मुलींच्या बाबतीत आम्ही आधी घरी येऊन भेटू, तिच्या आईला घर दाखवू, मगच ठरवू. याला कुणी राग मानू नये.

काही मुलांची घरं ठरली आहेत. काहींची अजून नाहीत, त्यात मिरजेला निघालेल्या दोन बहिणी आहेत. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. चहा घेण्याआधी त्यात आपलं नाव आणि पूर्ण पत्ता लिहा, पिनकोडसकट. मुलांना तोच फॉर्मवर लागणार आहे, स्थानिक पालकाच्या रकान्यात.