स्वमग्न बालक आणि घरातील खेळ



समाजाच्या कोणत्याही मंगल प्रसंगी एक दृश्य अधूनमधून दिसते. ध्वनिवर्धक सुरू होतो, टाळ्यांचा कडकडाट होतो आणि तीन-चार वर्षांचे एखादे मूल कानांवर हात ठेवून किंचाळू लागते. आई त्याला कडेवर घेऊन मंडपाबाहेर धावते. मागे कुजबुज उरते, ‘मुलाला वळण नाही’, ‘आईने लाडावून ठेवले’. पुढच्या कार्यक्रमाला ती आई येत नाही. त्यानंतरच्या कार्यक्रमालाही येत नाही. काही वर्षांनी ते कुटुंबच समाजाच्या नजरेआड होते. आजचा विषय त्या मुलाचा आणि त्या आईचा आहे.

हे मूल हट्टी असेलच असे नाही. ते स्वमग्न असू शकते. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात वेगळेपणा आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमानसतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतरची काही दशके एका अन्यायकारक समजुतीत गेली. आईच्या मायेच्या अभावामुळे मूल असे होते, असे मोठमोठे विद्वानही सांगत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ग्रंथ लिहून या समजुतीला आव्हान दिले. आज शास्त्राचा निर्वाळा स्पष्ट आहे. स्वमग्नता आईच्या चुकीने होत नाही आणि लसीकरणानेही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. तेव्हा असे मूल कोणत्याही गावात, कोणत्याही घरात असू शकते.

वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली असता वळून न पाहणे, दीड वर्षाचे होऊनही आवडती वस्तू बोटाने न दाखवणे, नजरेला नजर क्वचितच देणे, शिकलेले शब्द मागे पडणे, बांगड्या किंवा डबे तासन्‌तास एका ओळीत मांडणे, अशी चिन्हे दिसल्यास ‘मोठा झाला की बोलेल’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. प्रारंभ जितका लवकर, तितका लाभ अधिक.

परंतु चंद्रपूर आणि गडचिरोली हे वनांचे जिल्हे आहेत. सिरोंच्याहून गडचिरोलीच सुमारे दोनशे किलोमीटर दूर आणि तेथून नागपूर आणखी दूर. दर आठवड्याला तज्ज्ञाकडे जाणे कित्येक कुटुंबांना अशक्य आहे. मग करावे काय? या प्रश्नाचे एक आश्वासक उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांवर एक अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तेथे मोठे डॉक्टर नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते कुटुंबाकडे जात. आई किंवा वडील मुलाशी खेळत असताना चित्रफीत घेत, ती त्यांच्यासोबत बसून पाहत आणि मुलाने दिलेला लहानसा संकेत कोठे होता, हे दाखवून देत. पंधरवड्याला एक याप्रमाणे सुमारे सहा महिने हा क्रम चालला. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुले आपणहून संवादाचा पुढाकार अधिक घेऊ लागली. तेथे मुख्य साधन होते ते आई-वडिलांचे खेळणे.

असे खेळ आपल्या घरातील वस्तूंनीच होतात. पहिला नियम एवढाच की मुलाच्या मागे जावे, त्याला ओढू नये. जमिनीवर त्याच्यासमोर बसावे. ते डबे ओळीत मांडत असेल तर मोडू नयेत. पुढचा डबा त्याच्या हाती द्यावा. ते चाक फिरवत असेल तर आपणही दुसरे चाक फिरवावे. काही वेळाने ते आपल्याकडे पाहते. तो क्षण फार मोलाचा असतो.

दुसरा नियम थांबण्याचा. झोळीत झोका द्यावा आणि मध्येच थांबवावा. आजीने बडबडगीत म्हणावे आणि शेवटचा शब्द गाळून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे. साबणाचे फुगे उडवावेत आणि बाटलीचे झाकण लावून ती त्याच्या हाती द्यावी. मूल हात पुढे करील, नजर देईल, एखादा ध्वनी काढील. तीच त्याची मागणी समजून लगेच झोका किंवा फुगा द्यावा. मागितले की मिळते, हे ज्याला उमगले त्याच्या संवादाची सुरुवात झाली.

तिसरा प्रकार स्पर्शाचा. हे धानाचे जिल्हे आहेत. परातीत तांदूळ घेऊन त्यात एखादे खेळणे लपवावे व शोधू द्यावे. कणीक मळू द्यावी. कापडाचे तुकडे घरात असतातच. मखमल, खादी, रेशीम, तलम सुती असे तुकडे हाताळायला द्यावेत, सारख्या रंगाचे वेगळे करायला सांगावे, ओढणीआड चेहरा लपवून पुन्हा दाखवावा. एखादा स्पर्श नकोसा वाटला तर सक्ती करू नये. त्याची त्वचा आपल्यापेक्षा अधिक संवेदनशील असू शकते. दाणे किंवा चिंचोके तोंडात, नाकात जाऊ नयेत म्हणून वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी जवळ असावेच.

चौथा प्रकार बाहेरचा. सकाळी गर्दी नसताना पानांच्या सहलीला न्यावे. सागाचे कोवळे पान तळहातावर चोळले की तांबडा रंग उतरतो. मुलांना त्याचे मोठे नवल वाटते. पळसाची फुले वेचावीत, बांबूच्या नळीतून फुंकर घालावी. ज्याला आगगाडीचे वेड आहे त्याला बल्लारशाहच्या स्थानकावर नेऊन डबे मोजू द्यावेत. मुलाचे वेड मोडण्याऐवजी त्याच वेडातून अंक, रंग आणि शब्द शिकवता येतात.

घराबाहेर नेण्यापूर्वी आंघोळ, कपडे, गाडी, मंदिर, घर अशी चित्रे क्रमाने दाखवावीत. पुढे काय होणार हे कळले की भीती कमी होते. प्रत्येक खेळ पाच-दहा मिनिटांचाच असावा; मूल कंटाळण्यापूर्वी थांबावे. आणि हे काम एकट्या आईवर टाकू नये. वडील, आजोबा, काका, भावंडे यांनी वाटून घ्यावे.

‘हमखास बरे करतो’ असे सांगून औषधे विकणाऱ्यांपासून सावध राहावे. स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. पण मुलाची प्रगती होते, हे निश्चित. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हास्तरावर शीघ्र निदान व उपचार केंद्रांची तरतूद आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी अवश्य करावी.

शेवटी समाजाचा वाटा. सभागृहाच्या एका बाजूस एक शांत खोली ठेवणे, ध्वनिवर्धकाचा आवाज थोडा उतरवणे, जेवणाच्या पंगतीत त्या कुटुंबाला आधी बसवणे, याला फारसा खर्च येत नाही. मूल किंचाळले तर वळून पाहण्याऐवजी एखाद्या भगिनीने उठून त्या आईला विचारावे, ‘ताई, काही हवे आहे का?’ ज्या कुटुंबाने येणे थांबवले आहे, त्याच्या घरी या महिन्यात कोणीतरी जावे. उपदेश करू नये. त्या मुलासमोर जमिनीवर बसावे, त्याच्या ओळीतील पुढचा डबा त्याच्या हाती द्यावा आणि वाट पाहावी.