गाडी थंड असताना बघावी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, "शाळा सोडल्यानंतरचा एक अनुभव सांग, पण दहा मिनिटांत." माझ्या आधी बोललेल्यांनी आपापल्या कारखान्याचं, दवाखान्याचं, अमेरिकेतल्या मुलांचं सांगितलं. ऐकून छाती भरून आली. माझ्याकडं तसलं काही नाही. मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात. दुसऱ्यांची कागदपत्रं तपासायची आणि "सही करायच्या आधी वाचा हो" असं बजावायचं, हेच काम. असा हा माणूस एका जुन्या गाडीपायी कसा फसला, आणि पुढं त्यानं काय केलं, ते सांगतो. पहिला भाग सांगायला मजा येते. दुसरा भाग घरच्यांशिवाय अजून कुणाला सांगितलेला नाही.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची. कुलदैवत तुळजाभवानी. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर, पण एसटीची पायरी तिला आता चढवत नाही. मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, नवी गाडी झेपणार नव्हती. म्हणून मागच्या वर्षी मे महिन्यात जुनी गाडी बघायला निघालो.

आठ वर्षांची डिझेल गाडी. मीटरवर ६८ हजार किलोमीटर. बॉनेट उघडलं तर इंजिन आरशासारखं चकाचक. दुपारचे चार वाजलेले, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी पोचलो तेव्हा गाडी चालू करून ठेवलेली, एसी लावलेला. विक्रेता म्हणाला, "साहेब, तुम्हाला उन्हात त्रास नको म्हणून गाडी गार करून ठेवली." मला तो माणूस फार चांगला वाटला. होटगी रोडला एक चक्कर मारली आणि ३ लाख ८५ हजारांना सौदा ठरला. डिलिव्हरीच्या कागदावर एक ओळ होती, "गाडी पाहून, पसंत करून, जशी आहे तशी घेतली." आयुष्यभर दुसऱ्यांना वाचायला लावणाऱ्या मी ती ओळ वाचली, आणि तरीही खाली सही केली.

बाराव्या दिवशी आईला घेऊन तुळजापूरला निघालो. तामलवाडीच्या पुढंपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. घाट सुरू झाला आणि टेम्परेचरचा काटा चढायला लागला. एसीतून गरम हवा यायला लागली. लाल दिवा लागला. बायको म्हणाली, "थांबा की." मी म्हणालो, "दोन वळणं राहिलीत." दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

मी उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला हात घातला, तेवढ्यात मागून आलेला ट्रकवाला ओरडला, "ओ काका, हात लावू नका! तोंडावर येईल सगळं!" त्या माणसाचं नाव-गाव मला माहीत नाही. माझा चेहरा आज शाबूत आहे तो त्याच्यामुळं. आई रस्त्याकडेला छत्री धरून बसली होती. तिथूनच तिनं डोंगराच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाली, "इथूनच दर्शन झालं म्हणायचं." ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी ओढून सोलापुरात आणली ती आपल्याच एका वर्गमित्राच्या गॅरेजमध्ये. त्याचं नाव घेणार नाही. घेतलं तर तो उठून बाहेर जाईल. शेवटच्या बाकावर बसायचा आणि दहावीनंतर थेट हातात पाना घेतला, एवढं सांगितलं तरी तुम्ही ओळखलंत. त्यानं गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मला बोलावलं आणि ऑइल भरायचं झाकण उघडून दाखवलं. आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखं काहीतरी चिकटलेलं. "हे काय आहे सांग बे," तो म्हणाला. "पाणी आणि ऑइल एकत्र झालंय. गास्केट गेलंय. हेडला काय झालंय ते उघडल्यावर कळेल."

मग त्यानं मला समजावलं, आणि समजावताना आपल्या सरांचं नाव घेतलं. सर, तुम्ही आठवीत प्रेशर कुकर वर्गात आणला होता. दाब वाढला की पाणी शंभर अंशाला उकळत नाही, त्याहून वर जातं, हे सांगितलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. शेवटच्या बाकावरच्याला ते आजही आठवतं. इंजिनच्या पाण्याचंही तसंच असतं म्हणे. झाकण घट्ट, त्यामुळं आत दाब. शिवाय त्यात कूलंट मिसळलं की उकळायला आणखी उशीर लागतो आणि गंजही धरत नाही. माझ्या गाडीत कुणीतरी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. आपल्या घागरीला बसतो तसा क्षाराचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला होता. गावात, सपाटीवर भागत होतं. घाटात, एसी लावून, चाळीसच्या वरच्या उन्हात भागलं नाही.

मी विचारलं, "मग घेताना कळलं कसं नाही?" तो म्हणाला, "तू गेलास तेव्हा इंजिन गरम होतं ना? दुखणं असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करताना बोलते. खोकते, धूर मारते. एकदा गरम झाली की गप्प बसते. त्यानं तुझ्यासाठी एसी लावला नव्हता बे. इंजिन तापवून ठेवलं होतं." आणि पुढं म्हणाला, "लाल दिवा लागल्यावर जागेवर थांबला असतास, तर कदाचित हेड वाचलं असतं." म्हणजे सगळाच दोष विकणाऱ्याचा नव्हता. दोन वळणं माझ्या हिशेबात जमा आहेत.

खर्चाचा अंदाज चाळीस हजार, उघडल्यावर वाढेल तो वेगळा. विक्रेत्याकडं गेलो, त्यानं माझ्या सहीचा कागद माझ्यासमोर ठेवला. नातेवाईक, शेजारी, बँकेतले जुने सहकारी, सगळ्यांचा सल्ला एकच, "काढून टाक." पावडर टाकायची, गळती तात्पुरती बंद होते, गाडी महिनाभर चालते. मी मित्राला म्हणालो, "तेवढंच करून दे." तो हात पुसत म्हणाला, "करतो की. फक्त ज्याला विकशील त्याला माझा नंबर दे. घाटात अडकला तर मला फोन करेल."

मी ओशाळलो. आणि गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये नेली. मित्रांनो, हाच तो दुसरा भाग.

तिथं तीन हजारांत पावडर टाकून मिळाली, ऑइल बदलून मिळालं, इंजिन धुऊन मिळालं. आठवड्यात गिऱ्हाईक आलं. मोहोळ तालुक्यातल्या एका गावचा तरुण मुलगा, पंचवीस-सव्वीसचा. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी सोलापूरला आणावं लागतं, एसटीची वेळ जमत नाही, म्हणून गाडी हवी होती. तो यायच्या अर्धा तास आधी मी खाली जाऊन गाडी चालू केली. एसी लावला. तो आला तेव्हा म्हणालो, "बस रे, गार करून ठेवलीय."

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि कुठं ऐकलेत ते मला आठवलं. तरी मी थांबलो नाही. त्यानं चक्कर मारली, त्याला गाडी आवडली. पाच हजार रुपये विसार दिला, वाकून नमस्कार केला. मी ते पैसे घेतले. दोन दिवस ते माझ्या कपाटात होते.

तिसऱ्या दिवशी मी त्याला फोन करून बोलावलं आणि सगळं सांगितलं. पैसे परत दिले. मला वाटलं होतं, तो आभार मानेल. तो मानला नाही. बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, मग परवाच सांगायचं होतं की. मी वडिलांना गाडी घेतली म्हणून सांगितलं." एवढं बोलून गेला. त्याचं बरोबर होतं. खरं बोलायलाही एक वेळ असते, आणि ती मी चुकवली होती.

गाडी परत मित्राच्या दारात नेली. पावडरीबद्दल त्यानं विचारलं नाही, पण इंजिन उघडल्यावर त्याला दिसलंच. नळ्यांत बसलेला तो राडा त्यानं बोटावर घेऊन मला दाखवला आणि कामाला लागला. हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा गेला होता. फेसिंग करून भागणार नव्हतं, नवं हेड घ्यावं लागलं. रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, गास्केट सेट, सगळं धरून ८६ हजार रुपये. गाडीच्या किमतीच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त. जाताना मी त्याला त्या मुलाचा नंबर दिला आणि जमलं तर त्याच्यासाठी गाडी बघ म्हणालो. त्यानं बघून दिली. पहाटे सहाला मोहोळला जाऊन, दुसऱ्याच्या दारातली थंड गाडी. पैसे घेतले नाहीत.

कुणी विचारेल, ग्राहक आयोगाकडं का गेला नाहीस? जाता आलं असतं. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याविरुद्ध दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा पडत नाही. पण ज्या युक्तीची तक्रार लिहायची, तीच मी एका मुलावर करून बसलो होतो. माझ्या हातून तो कागद लिहिला गेला नाही. तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही मात्र जरूर जा.

आता कामाच्या चार गोष्टी, कारण आपल्यातले बरेच जण निवृत्त झालेत आणि जुनी गाडी घ्यायच्या विचारात आहेत. मित्रानं शिकवलेल्याच सांगतो. गाडी सकाळी बघा, आणि आधी न सांगता अर्धा तास लवकर जा. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा प्या, गप्पा मारा, इंजिन गार होऊ द्या, किंवा दुसऱ्या दिवशी या. इंजिन थंड असतानाच ऑइलचं आणि कूलंटचं झाकण उघडून बघा. गरम असताना कूलंटच्या झाकणाला हात नाही. चालू केल्यावर मागं उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी जळतंय. मग एसी लावून वीस-तीस किलोमीटर चालवा, जमल्यास चढावर. आणि हजार-दोन हजार देऊन आपला मेकॅनिक बरोबर न्या. मी ते वाचवले होते.

कागदांचंही तसंच. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते मागा. घेणाऱ्यानं तीस दिवसांत गाडी नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला द्यायचा. पण विमा अपघाताचा असतो, झिजलेल्या इंजिनाचा नसतो. आणि तुम्ही विकणारे असाल तर हे नीट ऐका. आरटीओच्या दप्तरी नाव तुमचं राहिलं आणि त्या गाडीनं अपघात झाला, तर भरपाई तुमच्याच गळ्यात पडते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय.

मार्गशीर्षात आईला पुन्हा तुळजापूरला नेलं. त्याच घाटात माझी नजर रस्त्यापेक्षा काट्यावर जास्त होती. काटा मधे होता, मधेच राहिला. जिथं बंद पडलो होतो ते वळण आईनंच ओळखलं. म्हणाली, "इथं नको थांबू रे बाबा." वरती दर्शन नीट झालं.

परत आल्यावर पेढे घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मित्रानं पेढा तोंडात टाकला आणि बॉनेटवर हात ठेवला. म्हणाला, "तापली नाही बे." पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं.

सर, तुमचा कुकर वाया गेला नाही. फक्त तो आमच्यातल्या कुणाच्या उपयोगाला येईल, याचा अंदाज तेव्हा आम्हाला कुणालाच नव्हता.

गाडी बाहेर शाळेच्या भिंतीला लावलीय. जेवण झाल्यावर ज्याला बघायची त्यानं बघा. तोपर्यंत इंजिन थंड झालेलं असेल. विकायची मात्र नाही.