टिपरू धरावं कसं?

(सेक्टर ६ येथे ढोल-ताशाच्या सरावाच्या पहिल्या दिवशी केलेले भाषण)



मागे एका विसर्जन मिरवणुकीत मी जोशात चार तास ढोल वाजवला. दुसऱ्या दिवशी शिफ्टला गेलो, तर उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलेलं. पाना धरवेना. पुढे महिनाभर सही करतानाही कळ यायची. दोष ढोलाचा नव्हता, माझ्या मुठीचा होता.

आपल्यातले बरेच जण कारखान्यातले. घणाचा दांडा आवळून धरला तर हादरा कोपरापर्यंत येतो, हे आपल्याला ठाऊक आहे. टिपरूचंही तसंच. ते अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची तीन बोटं नुसती टेकवा. ठोका मनगटातून द्या. पानावर पडलं की टिपरू आपोआप उसळतं; त्याला उसळू द्या. दाबून ठेवलं तर आवाजही बसका येतो. ताशाच्या काड्यांनाही हाच नियम. खांदे मात्र सैल आणि ढोल कमरेला घट्ट.

पुण्यातली पथकं गणपतीच्या कितीतरी आठवडे आधी सरावाला लागतात. त्याने ताल बसतो, तसा हातही तयार होतो. आपणही रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करू. फोड येण्याआधीच बोटांना पट्टी लावा. मुंग्या आल्या, दुखलं, तर थांबा आणि टिपरू शेजाऱ्याच्या हाती द्या. थांबणाऱ्याला कोणी हसायचं नाही. दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा.

‘पुढच्या वर्षी लवकर या’ असं आपण बाप्पाला म्हणतो, तेव्हा वाजवायला आपले हातही शाबूत हवेत.

गणपती बाप्पा मोरया!