परत आलेल्याला गावाने काम सांगावे

(सरावली येथील बैठकीतील भाषण)



आपली पोरे-पोरी आता परदेशी जातात. बहुतेक नोकरीला जातात, पण काही सेवेलाही जातात. कुणी लढाईच्या मुलखात जखमींची शुश्रूषा करतो, कुणी दुष्काळी देशात पाणी अडवायला हात लावतो. वर्ष-दोन वर्षांनी ती परत येतात. हारतुरे होतात, नारळ दिला जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय? आमचे म्हणणे असे की हा प्रश्न एकट्या पोराचा नाही, गावाचा आहे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक आहेत. जपानने चीनवर हल्ला केला तेव्हा, 1938 साली, काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. प्रमुख डॉ. अटल, सोबत कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, नागपूरचे चोळकर आणि सोलापूरचे कोटणीस. म्हणजे पाचांतले दोघे आपल्या ज्वारी-कपाशीच्या मुलखातले. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. 'एक परतला नाही' अशाच अर्थाचे त्याचे नाव. 1946 साली व्ही. शांताराम यांनी सिनेमा काढला. हा मान रास्तच आहे.

पण जे चौघे परतले, त्यांचे काय? इथे किती जणांना चोळकरांचे नाव ठाऊक होते? बसू 1943 साली परतले, पुढे पुन्हा चीनला जाऊन सुया टोचून करायचे उपचार शिकले आणि कलकत्त्यात त्यांचा प्रसार केला. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला? परमुलखात मेला तो हुतात्मा आणि घरी येऊन खपला तो कुणीच नाही, असा आपला हिशेब आहे.

दुसरे उदाहरण वर्ध्याच्या पांडुरंग खानखोजे यांचे. देश स्वतंत्र करायला बाहेर पडलेला हा माणूस अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, गदर पक्षात राहिला आणि 1924 साली मेक्सिकोत पोचला. तिथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवले, मक्याच्या वाणांवर काम केले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या नामवंत चित्रकाराने त्यांना भिंतीवरच्या चित्रात रंगवले. पण मायदेशी परतताना ब्रिटिशांच्या काळ्या यादीतले नाव स्वातंत्र्यानंतरही आडवे आले. शेवटी ते नागपुरात स्थायिक झाले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तिथेच वारले. मेक्सिकोच्या शेतकऱ्याने त्यांच्याकडे शाळा मागितली. विदर्भातल्या आपण काय मागितले?

भावांनो, या डहाणू-तलासरीच्या माणसांकडे पाहा. भात निघाले की कितीतरी घरे वीटभट्टीवर जातात आणि पावसाआधी परततात. परतल्यावर 'आता पुढे काय' असे कुणी विचारत नाही. राब भाजायचा असतो, बी काढायचे असते, बांध घालायचा असतो. काम आधीच ठरलेले असते. सेवेहून परतलेल्या पोराचे तेवढेच अडते. त्याच्यासाठी काम ठरलेले नसते.

म्हणून आम्ही तीन गोष्टी सुचवतो.

पहिली. परत आलेल्याने मृगापासून शेवटच्या वेचणीपर्यंत एक हंगाम गावात काढावा. भाषण देऊ नये. बियाणे, डवरणी, फवारणी, वेचणी आणि विक्री यांचा जमाखर्च दहा घरी बसून लिहावा. तिकडे ओलिताखाली जे साधले ते आपल्या हलक्या रानात, दोन पावसांच्या खंडात, तसेच साधेल असे नाही. आधी रान कळू द्या.

दुसरी. गावाने त्याला एकच, नेमके काम सांगावे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. शुश्रूषा शिकून आलेल्या पोरीला सांगा, बाई, आमच्या फवारणीवाल्यांना शिकव. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारू नये. मळमळ, घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधूक असे झाले की पंप खाली ठेवावा, कपडे उतरवून साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठावा. एवढे एका गावाला पाठ झाले तरी तिच्या परदेशातल्या वर्षाचे सोने झाले.

तिसरी, आणि हीच आपण विसरतो. त्याच्या पोटाची सोय. तिकडे संस्था राहणे-जेवण देते. इथे बापाचे चार एकर कोरडवाहू, त्यावर आधीच सोसायटीचे कर्ज. फुकटची सेवा दिवाळीपर्यंत टिकते, मग पोरगा पुण्याची गाडी धरतो. त्याला दोष देऊ नका. सालदाराचे साल आपण आधी ठरवतो ना? तसे याचेही ठरवा. घरटी वर्गणी काढा, नाहीतर सुगीला पायली-पायली ज्वारी द्या, पण बोली आधी करा. वर्षाच्या शेवटी हिशेब मागा. काम झाले नसेल तर तोंडावर सांगा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या गावातून कोण बाहेर सेवेला गेले, कोण परतले, ही नावे त्यावर असावीत. आणि प्रत्येक नावापुढे आपण सांगितलेले काम लिहावे. नावे आणली आणि कामाची जागा कोरी ठेवली, तर तो कागद घरीच ठेवा.