ध्वनीच्या पाचपट वेग : शक्यता आणि अडचणी



साहित्य संस्थेच्या व्यासपीठावरून विमानांविषयी बोलायचं, तर आधी शब्दापाशी थांबलेलं बरं. 'सुपरसॉनिक'साठी आपल्याकडे 'स्वनातीत' असा छान शब्द आहे. 'हायपरसॉनिक'साठी त्याला आणखी एक 'अति' जोडण्यापेक्षा मी तो शब्द आहे तसाच ठेवणार आहे. मूळ शब्द १९४६ साली त्सिएन श्युए-सेन या चिनी शास्त्रज्ञाने अमेरिकेत रूढ केला. पुढे संशयाच्या वातावरणात त्याला अमेरिका सोडावी लागली. १९५५ साली चीनला परतून त्याने तिथल्या क्षेपणास्त्रांचा पाया घातला. या विषयात आज तेच दोन देश एकमेकांवर डोळा ठेवून आहेत. असो.

ध्वनीच्या पाचपट वेगापासून पुढे हायपरसॉनिक, अशी रूढ व्याख्या आहे. पाच या आकड्यात जादू काही नाही. साधारण त्या सुमारास प्रश्न वेगाचा राहत नाही, उष्णतेचा होतो. वेग दुप्पट झाला की समोर अडणाऱ्या हवेची तापमानवाढ चौपट होते. तीस किलोमीटर उंचीवर थंडी उणे चाळीस अंशांच्याही खाली असते, तरी ध्वनीच्या सहापट वेगाने जाणाऱ्या यानाच्या नाकापाशी हवा दीड हजार अंशांच्या घरात तापते. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं.

३ ऑक्टोबर १९६७ रोजी विल्यम नाइट या अमेरिकी वैमानिकाने एक्स-१५ हे रॉकेट-विमान ध्वनीच्या ६.७ पट वेगाने नेलं. विमानाच्या पोटाखाली इंजिनाची नुसती प्रतिकृती टांगली होती. आघात-तरंगांच्या उष्णतेने तिचा आधारखांब जळून त्याला भोकं पडली आणि प्रतिकृती गळून पडली. नाइट सुखरूप उतरले. ते विमान मात्र पुन्हा कधी उडालं नाही.

रॉकेट आपला प्राणवायू बरोबर नेतं. स्क्रॅमजेट तो वाटेतल्या हवेतून घेतं, म्हणून त्याचं एवढं आकर्षण. त्यात फिरणारी पाती नाहीत, दिसायला ती एक नळीच. पण आतली हवाही ध्वनीपेक्षा वेगाने वाहते. इंधनाने तिच्यात मिसळायचं, पेटायचं आणि जळून संपायचं, यासाठी एक-दोन हजारांश सेकंद मिळतात. वावटळीत निरांजन तेवत ठेवायचं, तेही हाताचा आडोसा न करता! शिवाय हे इंजिन उभ्या जागी सुरूच होत नाही. आधी रॉकेटने त्याला वेग द्यावा लागतो.

ही खटपट आपल्या हैदराबादेतच, कंचनबागेत चालते. ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओच्या यानातलं स्क्रॅमजेट ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या चाचणीत वीसहून अधिक सेकंद चाललं. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या जमिनीवरच्या चाचणीत ज्वलनकक्ष १२० सेकंद चालला आणि एप्रिलमध्ये हजारहून अधिक. त्यातली युक्ती मला फार आवडते : इंधन जळण्याआधी कक्षाच्या भिंतींतून फिरवायचं, म्हणजे ते भिंतींची उष्णता पिऊन घेतं आणि मग पेटतं. घरातल्या बंबात पाणी असतं तोवर त्याची नळी टिकते, तसंच काहीसं.

मात्र अशा चाचणीत तापवलेली हवा नळाने थेट कक्षात सोडतात. समोरची हवा गोळा करणारं तोंड, यानाचं अंग, त्याचं वळणं, या सगळ्याची परीक्षा आकाशातच व्हायची असते. बातम्यांत हा फरक हरवतो.

आता आपल्यापैकी अनेकांच्या मनातला प्रश्न. मुलं-नातवंडं परदेशी आहेत. दीड तासात लंडन होईल का? अंतराचा हिशेब तसा जुळतो. पण सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने जाणारं विमान प्रवाशांना सोसेल इतपतच कलवलं, तर त्याच्या वळणाची त्रिज्या सुमारे सातशे किलोमीटर भरते. हैदराबादहून मुंबईसुद्धा त्याहून जवळ! ध्वनीच्या दुप्पट वेगाचं काँकॉर्ड २००३ साली थांबलं. तापलेली हवा क्षणार्धात थंड करण्याचं तंत्र विकसित करणारी ब्रिटनमधली रिॲक्शन इंजिन्स ही कंपनी २०२४ साली पैशांअभावी बंद पडली. नातवंडांकडे जायला आपल्याला अजून बरीच वर्षं दहा तास बसावं लागेल, असं माझं मत आहे.

क्षेपणास्त्राला प्रवाशांची चिंता नसते. पैसा तिकडे जातो तो म्हणूनच. दिल्लीहून इस्लामाबाद सातशे किलोमीटरच्या आत आहे; या वेगाने सहा मिनिटांहून कमी. आणि येणाऱ्या अस्त्रात साधी स्फोटकं आहेत की अणुबॉम्ब, हे रडार सांगत नाही. ९ मार्च २०२२ रोजी आपलं एक स्वनातीत क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही. पलीकडच्यांनी तेव्हा थांबून पाहिलं. याहून दुप्पट वेगाच्या अस्त्रापुढे तेवढा अवधी कुणाला मिळेल?

दोन्ही देशांनी २००५ साली क्षेपणास्त्र-चाचण्यांची पूर्वसूचना एकमेकांना देण्याचा करार केला. तो फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. स्क्रॅमजेटवर चालणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात बसत नाहीत. कंचनबागेतलं हे इंजिन लांब पल्ल्याच्या उड्डाणावर निघण्याआधी त्या करारात एका कलमाची भर पडावी, असं मला वाटतं.